शेरा

तिकीट निघालं आमच्या मंडळाचं.
पंचाहत्तर वर्षं झाली म्हणून, पाच रुपयांचं, आडवं,
कडा करवतीच्या,
आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरांत
रवळनाथ क्रीडा मंडळ, शिंपणेबंदर.
'बंदर'वरचा अनुस्वार खरा की माशीनं घातलेला
ते मी खिडकीतल्या भिंगातून दोनदा पाहिलं.

मंडपात जिल्ह्याचे साहेब बोलले.
मातीतला खेळ, म्हणाले, आणि उतरताना बूट झटकले.
मी शाईची गादी धरून कडेला उभी.
पहिल्या दिवसाचा पहिला शिक्का माझ्या हातचा;
तो नेमका डाव्या कोपऱ्याच्या तोंडावर बसला.

फोटो कणकवलीच्या सामन्यांतला, अडुसष्ट सालचा.
सात जण हातात हात अडकवून, गुडघ्यांत वाकलेले,
पायांखाली शिंपल्यांच्या चुन्याची रेघ.
समोरून चढाईला आलेल्याचा
फक्त हात आलाय तिकिटावर, कोपरापासून पुढे.
बाकीचा माणूस छापखान्यात राहिला.

दुसऱ्या दिवशी धाकू मेस्त आले.
तोच डावा कोपरा.
काठी दाराला टेकवून रांगेत उभे राहिले,
पुढे कुणी नसताना.
"सहा तिकिटां दी गो."
मी गोंदाची बाटली पुढे केली,
पण त्यांनी जीभच लावली एकेकाला.
"खारट लागता," म्हणाले, आणि पुढचं चाटलं.

सहा पाकिटं, सहा पत्ते, अक्षर मोठं, उतरतं:
बाबल सारंग, लालबाग, चाळीच्या नावासकट.
इस्माईल मुजावर, मुंब्रा, मशिदीमागे.
पास्कू फर्नांडिस, वास्को, एका बोटीच्या नावानं.
यशो पराडकर, केअर ऑफ गिरणी.
गजा खवणेकर, नुसतं 'ठाणे'.
न्हानू कुबल, इथेच, खालची वाडी.

मला सगळं माहीत होतं.
दोघांच्या तारा आमच्या आधीच्या मास्तरांनी घेतल्या होत्या,
तिघांची कार्डं मी स्वतः वाटली,
न्हानूंच्या वेळी तर भरती होती, होडीतून न्यावं लागलं.
धाकूंनी माझ्या तोंडावरचं ते वाचलं असावं.
"हुतूतूत बाद झालेलो गडी
कायमचो बाद नसता गो.
समोरचो एक मारलो काय आपलो एक उठता."
सुटे पैसे मोजून दिले, काठी विसरून गेले,
परत आले काठीसाठी.

पंधरवड्यानं पाकिटं फिरू लागली.
घर सोडून गेले.
अशी चाळ नाही.
पत्ता अपूर्ण.
मयत.
मयत. (हा लाल शाईत, दोनदा अधोरेखित, कुणी नवा पोस्टमन असणार.)

प्रत्येक मी त्यांच्या ओट्यावर नेऊन दिलं.
शेरा त्यांनी कधी वाचला नाही.
तिकीट बघायचे, अंगठ्यानं कडेवरून जायचे,
पाकीट उजव्या हाताला मांडायचे, आधीच्याला लागून.
"उठलो," म्हणायचे.
एवढंच.

सहावं मीच घेऊन गेले, माडांतून.
चंपाकाकी बांगडे चिरत होती.
हात लुगड्याला पुसले तिनं, तरी नीट पुसले गेले नाहीत.
पाकीट उलटं केलं, सुलटं केलं, नाकाशी नेलं,
फोडलं नाही.
मी पेन काढलं.
रकाना एवढासा असतो, एक शब्द जेमतेम मावतो.
"मयत लिव नको," ती म्हणाली.
"भायर गेलेत म्हणान लिव."

बाहेर गेले.
मी लिहिलं. माझ्या सहीनिशी, तारखेनिशी.
अशा शेऱ्याचं पत्र लगेच फिरवायचं नसतं,
सात दिवस कचेरीत थांबवायचं,
माणूस येऊन मागेल म्हणून.

आज सातवा दिवस.
खण उघडून मी दोनदा पाहिलं.
तिकिटाला बांगड्याचं एक खवल चिकटलंय,
त्या कापलेल्या हातावरच, वाळून चकाकतंय.
पलीकडे ओट्यावर धाकू बसलेत,
पाच पाकिटांशेजारी
एकाची जागा सोडून.

साडेचारला थैला बंद होतो.
चार वाजलेत.